रात्री हलकं, सकाळी भरपेट

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला मी आता काकू म्हणते. तिचं वय सत्तावन्न, माझं एकाहत्तर. ती जिथे काम करते त्या प्रयोगशाळेत झाडणाऱ्या बाईपासून संचालकांपर्यंत सगळे तिला काकूच म्हणतात. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिथल्या मुलामुलींचं येणं-जाणं माझ्या दारावरून असतं. ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं. पहिल्यांदा चुकून "काकू, दूध आलं का?" असं विचारलं, तेव्हा ती जिन्यातच बसून हसली.

"बाई, तुम्ही मला सातवीत कोपऱ्यात उभं केलंय," म्हणाली. "त्याची भरपाई करताय होय?"

ते खरं आहे. भूमितीच्या तासाला तिनं डबा उघडला होता. डबा स्वतःसाठी नव्हता. शेजारच्या मुलीनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे तिला दुसऱ्याच तासाला कळलं होतं, आणि मधली सुट्टी होईपर्यंत तिला काही धीर निघेना. मी शिक्षा केली, कारण नियम होता. पण ती कोपऱ्यात उभी असताना शेजारची मुलगी बाकाखाली मान घालून चावत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून जरा जास्तच वेळ त्रिकोण काढत राहिले, हेही खरं आहे.

काकूची नोकरी तिच्या स्वभावाला शोभेल अशीच आहे. ती पेशींना खाऊ घालते. माणसांच्या आणि प्राण्यांच्या शरीरातल्या पेशी काचेच्या आणि प्लास्टिकच्या बशांमध्ये वाढवायच्या, त्यांना ऊब द्यायची, वेळच्या वेळी जुनं पाणी काढून नवं पोषक पाणी घालायचं, गर्दी झाली की वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं. सव्वीस वर्षं ती हेच करते आहे. मी एकदा बघायला गेले होते. खोली आमच्या शाळेच्या स्टाफरूमपेक्षा लहान. एका भिंतीला इन्क्युबेटर, म्हणजे उबेचं कपाट. आतलं तापमान माणसाच्या अंगाइतकं. दुसऱ्या भिंतीला काचेचा पडदा असलेलं टेबल, त्यातून सतत हवा वाहते. काकू हातमोजे घालून पडद्याखालून हात आत घालते आणि नाकासमोर बघत पिपेटनं थेंब थेंब सोडते. पोषक पाण्याचा रंग गुलाबी. पेशींना ते कमी पडायला लागलं की पिवळट दिसतं.

"बाई, रंग बघा," ती मला म्हणाली. "ही बशी भुकेली आहे. लहान मूल ओठ चाटतं ना, तसं."

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मला फरशीवर सांडलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी दिसलं. मी "छान" म्हटलं. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी तिच्या गणिताच्या वहीकडे पाहत असे.

तिच्याकडे दोन वह्या असतात. एक ऑफिसची, तिच्यात तारीख, वेळ, बशीचा क्रमांक. दुसरी तिची स्वतःची, बिस्किटाच्या पुड्याएवढी, ॲप्रनच्या खिशात. तिच्यात ती प्रत्येक बशीपुढे एकच शब्द लिहिते. जेवली. झोपली. रुसली. पसरली. ऑफिसची वही सगळे वाचतात. खिशातली कोणी वाचत नाही. काकूचा विरंगुळा, असं समजून सोडून देतात.

तीन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी संशोधनाला आली. प्रबंधासाठी आलेली म्हणून तिचं नाव पडलं प्रबंधवाली. अंगानं काटकुळी आणि बोलायला भरभर. काकूनं पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "जेवलीस का?" आणि उत्तर ऐकण्याआधीच डब्याचं झाकण काढलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी ती वरच्या मजल्यावर जेवायला असायची. काकूच्या सासूबाई, वय ब्याऐंशी, जिभेला धार विशीतली, तिला म्हणायच्या, "ये बाई, तुझ्या निमित्तानं आमच्या ताटातसुद्धा दोन पदार्थ पडतात."

त्याच जेवणाच्या टेबलावर मला तिचा विषय कळला. मी शाळेत गणित आणि थोडं विज्ञान शिकवलं, पण हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. आपला मेंदू पाण्यात तरंगतो. ते पाणी एका वेळी असतं जेमतेम एक कपभर, पण सारखं नवं बनतं आणि जुनं निघून जातं. दिवसाकाठी अर्धा लिटर. ते बनवतो मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये असलेला एक झालरीसारखा पडदा, वजनाला दोन-तीन ग्रॅम. त्या पडद्याच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून उभ्या असतात की रक्तातलं काहीही त्यांना न विचारता मेंदूच्या पाण्यात जाऊ शकत नाही.

"म्हणजे त्या पहारेकरणी," मी म्हटलं.

"पहारेकरणीही आणि पाणक्याही," प्रबंधवाली म्हणाली. "दारही त्याच सांभाळतात आणि पाणीही त्याच भरतात. क्षाराचे कण एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ढकलायचे, मग त्यांच्या मागोमाग पाणी येतं. त्यासाठी त्यांच्या अंगावर लाखो बारीक पंप असतात. रात्रंदिवस चालू."

"सुट्टी नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"मग त्या बायकाच असणार."

प्रबंधवालीला सिद्ध करायचं होतं ते असं. एवढं काम करायला या पेशींना भरपूर ऊर्जा लागते. ती बनवणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात खच्चून भरलेल्या असतात. पाठ्यपुस्तकातला शब्द तंतुकणिका. काकू त्यांना चुली म्हणते. चुलीला हवा लागते, म्हणून पेशी किती प्राणवायू ओढते यावरून चूल किती पेटली आहे ते कळतं. प्रबंधवालीकडे ते मोजणारं यंत्र होतं. बशी आत ठेवली की पडद्यावर एक रेघ उमटते. मग पंप बंद पाडणारं औषध बशीत सोडायचं. पंप थांबला की त्याच्यासाठी जळणारी चूलही मंदावते आणि रेघ खाली येते. जितकी खाली येईल तितका पंपाचा खर्च. तिचा अंदाज होता की पेशीच्या एकूण श्वासातला निम्मा या एकट्या पंपावर जातो.

अंदाज चांगला होता. रेघ मात्र ऐकेना. काही दिवस ती ठरल्यासारखी निम्म्यावर यायची, काही दिवस जागची हलायची नाही. चार महिन्यांत एकतीस मापनं झाली आणि त्यांचे सरळ दोन ढीग पडले. पुढच्या शुक्रवारी समिती बसणार होती. तिच्यासमोर आकडे ठेवायचे, समितीला पटले तर आणखी एक वर्ष, नाही पटले तर विषय बंद. तीन वर्षं पाण्यात.

"मेंदूच्या पाण्यात," प्रबंधवाली म्हणाली आणि स्वतःच हसली, पण पोळीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला.

दोन ढिगांचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे तसं सगळ्यांना वाटत होतं. कारणाचं नाव होतं उद्या. पेशींच्या खोलीत काकूखेरीज आणखी एक मदतनीस आहे. काकूची आठवड्यातून दोन-तीन दिवस दुपारपाळी असते तेव्हा सकाळचं काम तो बघतो. कपाट पुसलं का विचारा, "उद्या". बाटल्या लावल्या का, "उद्या". त्याचं लग्न ठरलं तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, कधी आहे, आणि ते खरंच दुसऱ्या दिवशी होतं, तरी कोणी विश्वास ठेवला नव्हता. तर सतरा मापनं काकूच्या सकाळची होती आणि चौदा उद्याच्या. उद्याच्या चौदाही दिवशी रेघ निम्म्यावर आली. काकूच्या सतरापैकी चौदा दिवशी ती जागची हलली नाही. तीन दिवस मात्र आली.

आता, काकूचे हात कधी चुकत नाहीत, हे त्या प्रयोगशाळेत दोन दुणे चार इतकं पक्कं आहे. प्रमुखांना तिथे सगळे मागून 'कशावरून सर' म्हणतात, कारण कोणी नुसतं ऊन आहे म्हटलं तरी ते "कशावरून?" विचारतात. त्यांनीही या एका गोष्टीत कधी कशावरून विचारलं नव्हतं. शनिवारी त्यांनी निकाल दिला. उद्याचा हलगर्जीपणा असणार. त्याची चौदा मापनं बाद करा, काकूंची धरा.

काकूची धरली तर रेघ हलत नाही. म्हणजे प्रबंधवालीचा अंदाजच चुकीचा. शनिवारी संध्याकाळी ती वर जेवायला आली नाही.

काकू माझ्या दारात उभी राहिली. "उद्याला मी झाडणार आहे सोमवारी," म्हणाली. "त्या पेशींना सकाळचं काही घालतसुद्धा नाही तो मेला. मी कितीदा सांगितलं. म्हणतो, कागदावर लिहिलेलं नाही."

मी हं म्हटलं. त्या क्षणी मला काहीही सुचलं नाही, हे कबूल करते. गणिताची शिक्षिका होते, पण रविवारचा दिवस उजाडावा लागला, आणि उजेड पडला तोही सासूबाईंमुळे.

सासूबाईंना डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलंय, रात्री हलकं खा, सकाळी भरपेट. हे वाक्य त्या घरात दिवसातून चार वेळा उच्चारलं जातं, बहुधा सासूबाईंना रात्री काहीतरी तळलेलं हवं असतं तेव्हा. त्या रविवारी सकाळी काकूनं त्यांना दोन अंडी, ब्रेड-लोणी, दूध आणि वर केळं दिलं. मग वाटाण्याच्या शेंगांची टोपली पुढ्यात ठेवली. मीही तिथेच शेंगा सोलत होते. एरवी सासूबाई माझ्या दुप्पट सोलतात आणि वर मला टोमणे मारतात. त्या दिवशी त्यांनी चार शेंगा सोलल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"काय झालं, आई?" काकूनं विचारलं. "बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर बसलेय. इतकं खाऊ घालतेस आणि वर काम सांगतेस. भरल्या पोटी कोण घाम गाळतं गं?"

काकूच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. ती उठली, आत गेली आणि ॲप्रनच्या खिशातली ती छोटी वही घेऊन आली. मग माझा दंड धरून मला खाली माझ्याच घरी घेऊन गेली. टोपली सासूबाईंपुढे तशीच.

"बाई," दार लावून ती म्हणाली, "प्रबंधवालीनं मला दोन बाटल्या दिल्यात. लाल झाकणाची नेहमीची, साखर भरपूर. निळ्या झाकणाची तिनं मुद्दाम बनवलेली, साखर कमी. ती तिला हलकं म्हणते. मापनाच्या आदल्या संध्याकाळी हलकं घाला, काकू, असं सांगितलं."

"बरं."

"मी घालते. न चुकता. मग सकाळी सात वाजता येते आणि लालमधलं ताजं घालते."

"तेही तिनं सांगितलं?"

"नाही." ती खुर्चीवर बसली. "सांगायचं काय त्यात? अकरा वाजता त्यांना यंत्रात जायचं असतं. उपाशी पोटी परीक्षेला कसं पाठवायचं? मला वाटलं, रात्री हलकं, सकाळी भरपेट."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण ती हसत नव्हती. सव्वीस वर्षं ती प्रत्येक प्रयोगाच्या सकाळी पेशींना ताजं घालत आली होती. कातडीच्या पेशी, मूत्रपिंडाच्या पेशी, कोणाचंच त्यानं काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे कागदावर कोणी 'घाला' लिहिलं नव्हतं आणि 'घालू नका' असंही कोणी लिहिलं नव्हतं.

"ताळा करून बघा," तिनं वही पुढे सरकवली. "तुमच्या हातानं. माझ्या डोळ्यांवर माझा आज विश्वास नाही."

मी लाल पेन्सिल काढली. शिक्षकाच्या घरात ती सापडतेच. प्रबंधवालीच्या आकड्यांचा कागद काकूकडे होता. मी एकेक तारीख वाचायची आणि तिनं वहीतला शब्द सांगायचा. न हललेल्या रेघांच्या चौदा तारखा होत्या. जेवली. जेवली. जेवली. तेरा वेळा तेच. चौदाव्या पानावर गुलाबी थेंब पडून शाई पसरली होती.

"हेही जेवलीच दिसतंय," मी म्हटलं. "'ज'चं शेपूट आहे बघ."

"धरू नका, बाई. दिसत नाही म्हणजे नाही."

मग राहिले ते तीन दिवस, काकूच्याच सकाळचे, पण रेघ निम्म्यावर आलेले. पहिल्या तारखेपुढे लिहिलं होतं, झोपली. काकूनं आठवून सांगितलं, त्या दिवशी बस बंद पडली होती, ती साडेदहाला पोचली, घालायला वेळच नव्हता. दुसरा दिवस सासूबाईंच्या दाढेचा. दवाखान्यातून जाईपर्यंत साडेदहा. तिसऱ्या तारखेपुढे शब्द होता, रुसली.

"ही का रुसली?"

"लाल बाटली संपली होती. मी रिकामी बाटली घेऊन पडद्यापुढे उभी राहिले. म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे मीच रुसले होते."

तिन्ही दिवशी पेशी जेवल्या नव्हत्या. तिन्ही दिवशी रेघ खाली आली होती. उद्याच्या चौदाही दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. मी पेन्सिल ठेवली. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की मी जे म्हणत असे तेच तोंडातून निघून गेलं, "शाब्बास."

"शाब्बास कसलं, बाई? चार महिने त्या पोरीचं काम मी बिघडवलं. आणि सोमवारी दोष द्यायला निघाले होते त्या उद्याला."

तिनं वहीचा कोपरा दुमडला आणि सरळ केला. मग हळूच म्हणाली, "सोमवारपासून मी नुसतं घालायचं थांबवलं तर? कोणाला कळणार नाही. रेघ आपोआप सुधारेल."

"आणि उद्याचे चौदा?"

"ते बादच झालेत."

"मग पोरीकडे उरतं काय?"

"तेच म्हणते मी." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला सोपंय. तुम्ही रिटायर झालात. मला चौदा महिने काढायचेत तिथे. काकूंचे हात चुकत नाहीत म्हणतात बाई, आणि मला ते ऐकायला आवडतं. खोटं कशाला बोलू?"

मी काही उपदेश केला नाही. चाळीस वर्षं केला, पुरे झाला. चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "वाटाणे तसेच पडलेत वर," आणि गेली.

सोमवारचं जे घडलं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जुळवून लिहिते.

काकू नऊ वाजता थेट कशावरून सरांच्या खोलीत गेली. प्रबंधवाली तिथेच होती आणि उद्याही होता, त्याला बोलणी खायला बोलावलं होतं. काकू बसली नाही.

"सर, तुम्ही चुकीची मापनं बाद केलीत," ती म्हणाली. "याची बरोबर आहेत. माझी चुकीची आहेत."

"कशावरून?" सर म्हणाले. काकूला हा शब्द सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकावा लागला.

तिनं खिशातली वही टेबलावर ठेवली, माझ्या लाल खुणांसकट. बाटल्यांचं सांगितलं. सर वाचत राहिले. त्यांनी जेवलीचे शब्द बोटानं मोजले, तीन वेगळ्या तारखांपाशी थांबले, थेंबाचं पान उजेडात धरून पाहिलं.

"हे धरलं नाही?"

"दिसत नाही, सर."

प्रबंधवाली मध्येच उभी राहिली. काकूला वाटलं, आता ही रागावणार, आणि तिनं मान खाली घातली. पण पोरीच्या डोक्यात राग नव्हताच, तिथे दुसरंच काहीतरी धावत होतं.

"काकू, पंप तेव्हाही चालूच होता," ती म्हणाली. "पण समोर इतकी आयती साखर असेल तर चूल कशाला पेटवायची? हाताला लागेल ती कच्चीच तोंडात टाकायची. त्या तेच करत होत्या. आणि आपलं यंत्र मोजतं फक्त चुलीला लागणारी हवा. साखर जेमतेमच असली की मग त्यांना चूल पेटवावीच लागते. शरीरात त्या तशाच राहतात. तुम्ही त्यांना... तुम्ही त्यांना मेजवानी दिलीत, काकू. चौदा वेळा."

"तेरा," काकू म्हणाली.

उद्या आता पुढे आला. तो म्हणाला, "म्हणजे मी काही केलं नाही म्हणून बरोबर आलं?"

"हो," सर म्हणाले.

"हे लिहून मिळेल का?"

काकूनं तिथेच त्याची माफी मागितली. तो गांगरला. "असू दे हो, काकू, उद्या बोलू," म्हणाला, आणि सर पहिल्यांदा हसले.

पण सर ते सरच. वही म्हणजे पुरावा नव्हे, ते म्हणाले. वही म्हणजे शंका. शुक्रवारपर्यंत करून दाखवा. बारा बशा तयार होत्या, तेवढ्याच. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून पडदा तयार व्हायला आठवडा जातो, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. सहा बशांना सकाळी लाल बाटली, सहांना काहीच नाही. आणि सगळ्या बारा काकूच्याच हातच्या, म्हणजे हातांचा प्रश्न कायमचा मिटेल.

मंगळवार ते गुरुवार, रोज चार बशा. काकू म्हणते, त्यापेक्षा बाळंतपणं सोपी गेली होती. सात वाजता कपाट उघडायचं, चार बशा बाहेर काढायच्या, दोघींना घालायचं आणि दोघींना नुसतं बघून परत ठेवायचं. रंग हलका पिवळट पडलेला. पहिल्या दिवशी तिचा पिपेट धरलेला हात त्या बशीवर दोनदा गेला आणि दोनदा परत आला. शेवटी तिनं उद्याला हाक मारून शेजारी उभं केलं. "तू फक्त उभा राहा," म्हणाली. "काही करू नकोस."

"ते मला जमतं," उद्या म्हणाला.

अकरा वाजता यंत्रापुढे सगळे. जेवलेल्या दोघींची रेघ औषध पडल्यावर जरा थरथरली आणि जागेवर राहिली. न जेवलेल्यांची पाळी आली तेव्हा प्रबंधवालीनं औषध सोडलं आणि डोळे मिटले. काकूनं मिटले नाहीत. तिला दिसलं, आधी काहीच नाही, मग जिना उतरावा तशी रेघ पायरी पायरीनं खाली आली आणि निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबली. दुसरीचीही तशीच. बुधवारी तसंच. गुरुवारी एका न जेवलेल्या बशीची रेघ थोडी वरच राहिली, त्याचं कारण अजून कोणाला कळलेलं नाही. पण बाकी पाच बोलल्याप्रमाणे वागल्या.

शुक्रवारी समितीपुढे प्रबंधवालीनं काही लपवलं नाही. एकतीस मापनं दाखवली, दोन ढीग दाखवले, मग बारा बशा. समितीत एक वयस्क बाई होत्या. त्या म्हणाल्या, हा दुसरा ढीग टाकू नका. खूप साखर मिळाली तर या पेशी चूल विझवतात, हेसुद्धा कोणीतरी नीट मोजायलाच हवं. हे कोणाच्या लक्षात आलं?

"आमच्या काकूंच्या," प्रबंधवाली म्हणाली. "त्यांनीच केलं आणि त्यांनीच पकडलं."

एक वर्ष मिळालं. संध्याकाळी ती पोर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर गेली आणि माझ्या दारावर नुसतीच थाप मारून गेली, म्हणून मला आधी कळलं. मग मीही वर गेले. सासूबाईंनी बातमी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी रविवारी काम केलं असतं तर हे कोणाला कळलं नसतं." आणि सबंध संध्याकाळ त्यांनी कशाला हात लावला नाही.

आता कामाच्या कागदावर एक नवी ओळ आली आहे. सरांनी लिहिली होती, 'मापनापूर्वी बारा तास पोषक द्रावण बदलू नये.' काकूनं ती वाचली आणि म्हणाली, सर, असं लिहिलं तर कोणीतरी माझ्यासारखी येईल आणि तिला वाटेल, बदलायचं नाही ना, मग वरून थोडं घालू. तेव्हा खाली तिच्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे, 'सकाळी काहीही घालायचं नाही. कितीही वाटलं तरी.'

या वर्षी दोन्ही प्रकारच्या बशा सांभाळायच्या आहेत, जेवलेल्याही आणि न जेवलेल्याही. मी काकूला विचारलं, सवय झाली का?

"छे हो, बाई," ती म्हणाली. "मापनाच्या दिवशी जेवणाऱ्यांचं उरकलं की मी त्या खोलीत थांबतच नाही. अकरा वाजेपर्यंत खाली भांडारात जाऊन बाटल्यांची झाकणं मोजत बसते. उद्या येऊन सांगतो, झालं, या आता वर." आणि म्हणाली, "तेवढ्या वेळात भांडारातल्या मुलीला विचारून घेते, काही खाल्लंस का म्हणून. ती बिचारी खातेसुद्धा."